खिडकीची पाठ

आमच्या स्टुडिओत नवीन आलेल्या मुलीने परवा मला एक चूक दाखवली. काही वर्षांपूर्वी आम्ही केलेलं एक वेबकॉमिक अजून नेटवर आहे आणि लोक अजून ते बघतात. त्यातल्या अगदी डावीकडच्या खिडकीचं दार उघडलं की दारातल्या भोकातून नुसतं काळं दिसतं. "मॅम, इथे इमेज लोड होत नाहीये. फिक्स करू का?" तिने विचारलं. मी म्हटलं, हात लावू नकोस. माझा आवाज जरा चढला असावा, कारण त्या बिचारीने माऊसवरचा हात एकदम मागे घेतला. तिचा काही दोष नव्हता. नलूताई जाऊन आता बराच काळ झाला, आणि तिने त्यांना कधी पाहिलेलंच नाही. नलूताई कोण होत्या हे ठाऊक नसलं तर ते काळं भोक चूकच वाटणार. म्हणून हे लिहायला बसले.

नलिनी त्रिलोकेकर. जन्म फणसवाडीतला, मुक्काम शेवटपर्यंत फणसवाडीतच. माझी त्यांची गाठ पडली तेव्हा त्या सत्तरीच्या बऱ्याच पुढे होत्या. आमचा स्टुडिओ दादरला, एका लग्नपत्रिकांच्या दुकानाच्या वर. मी आणि रोहन दोघेच तो चालवायचो. मी प्रोग्रॅमिंग बघायची. रोहन मजकूर लिहायचा आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. एका दुपारी आमच्या सताड उघड्या दारावर कोणीतरी दोनदा टकटक केलं. बघते तर कडक इस्त्रीची साडी नेसलेल्या, काखेत पुठ्ठ्यांचं बाड धरलेल्या एक बाई उंबऱ्याबाहेर उभ्या.

"या ना, दार उघडंच आहे," मी म्हटलं.

"उघडं असलं म्हणून काय झालं? आतल्या माणसाला सावरायला वेळ द्यावा."

ही त्यांची कायमची सवय. पुढे स्क्रीनवरची खिडकी उघडतानासुद्धा त्या आधी काचेवर नखाने दोनदा टकटक करायच्या. रोहनला सुरुवातीला ते गमतीचं वाटायचं. नंतर तोही करायला लागला.

त्या दिवशी त्यांनी खुर्चीवर बसून आधी पाणी घेतलं, चष्मा पुसला आणि मग विचारलं, "एका बोटाने उघडेल अशी खिडकी करता येते का तुमच्याकडे?"

खिडकीचित्र म्हणजे काय हे आता ठरावीक वयाच्या पुढच्यांनाच ठाऊक असतं. दिवाळी अंकातल्या एका पानाला चौकोनी भोक कापलेलं असायचं. त्या भोकातून मागच्या पानावरच्या चित्राचा एवढासा तुकडा दिसायचा, आणि तो पुढच्या चित्रात असा काही बसवलेला असायचा की बघणाऱ्याला भलतंच वाटावं. पान उलटलं की खरा प्रकार कळायचा. बाईची उघडी पाठ म्हणून डोळे मोठे करावेत तर तो निघायचा तंबोऱ्याचा भोपळा. नलूताईंनी ऐन उमेदीत अशी चित्रं ढिगाने काढली. खाली सही नुसती 'न. त्रिलोकेकर', त्यामुळे वाचकांची पत्रं 'श्रीयुत त्रिलोकेकर यांस' अशी यायची. एका सज्जनांनी पत्रातून विचारलं होतं, तुमची ही चावट चित्रं तुमच्या घरच्या मंडळींना चालतात कशी? नलूताईंनी उलट टपाली कळवलं, घरची मंडळी मीच आहे.

घरी त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ बाळ, दोघंच. लग्न दोघांनीही केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. बाळ फोर्टातल्या एका विमा कचेरीत होता. संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुऊन बसला की नलूताई त्या दिवसाचं चित्र त्याच्यासमोर ठेवायच्या. तो पान उलटायचा. हसला तर चित्र पास, दुसऱ्या दिवशी छापखान्यात. नाही हसला तर नलूताई ते बाजूला टाकून नवीन काढायच्या. संपादकाला आवडलंय, पैसेही मिळणार आहेत, तरीही. या नियमाला त्यांच्या सबंध आयुष्यात अपवाद झाला नव्हता.

"तुमचे भाऊ खूप हसरे असतील," मी म्हटलं.

"छे गं. हसरा असता तर काय उपयोग होता त्याचा?"

बाळला अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजत सगळं होतं, असं डॉक्टर म्हणायचे आणि नलूताईही म्हणायच्या. पण तेव्हापासून तो हसला नव्हता. नलूताईंनी जुने अंक काढून त्याच्यापुढे ठेवले, पण एका हाताने अंक धरून त्याच हाताने पान उलटता येत नाही. त्यांनी पान उलटून दाखवलं की तो मान फिरवायचा.

"बरोबरच आहे त्याचं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याने उघडलेल्या खिडकीत काय बघायचं? डाव्या हाताचं एक बोट त्याचं नीट चालतं. त्या बोटाने उघडेल असं काहीतरी करून द्या मला."

"आणि ते हसतील?" रोहनने विचारलं.

"ते मी बघते. तुम्ही खिडकी करा."

मग त्यांनी बाड सोडलं. आम्हाला वाटलं होतं जुनी चित्रं असतील. सगळी नवी होती. एका चाळीची गॅलरी आणि ओळीने पाच खिडक्या. प्रत्येक खिडकीला एकच दार, त्या दारात चौकोनी भोक. आणि प्रत्येक खोलीत वेगळ्याच जातीची गोष्ट. एकीत रहस्यकथा: भोकातून सुरी धरलेला हात आणि खाली टपटपणारं लाल. तिच्या डावीकडे भुताची गोष्ट: मोकळे सोडलेले पांढरे केस. त्याच्याही डावीकडे ऐतिहासिक नाटकातला राजा. उजव्या टोकाला प्रेमकथा: एकमेकांवर झुकलेली दोन डोकी. डाव्या टोकाची खिडकी मात्र बंद, कोरी.

"पूर्वी संपादक फोनवर सांगायचे, बाई, एक भुताचं द्या, एक खुनाचं द्या," नलूताई म्हणाल्या. "सगळ्या गोष्टी वेगवेगळ्या पानांवर. आता संपादक नाही, तेव्हा मी सगळ्यांना एकाच माळ्यावर आणून ठेवलंय. भांडतील नाहीतर नांदतील."

रोहन त्या चित्रांवरून नजर काढेना. हे फक्त एका माणसासाठी करायचं नाही, नेटवर टाकायचं, वाचकाने हवी ती खिडकी उघडायची, दर महिन्याला खोल्यांमधली गोष्ट पुढे सरकवायची, असं तो भराभर बोलत सुटला. नलूताईंनी ऐकून घेतलं. "टाका की," त्या म्हणाल्या. "पण आधी बाळ. तो पास करेल तेच."

त्यानंतर त्या आठवड्यातून दोनतीनदा यायला लागल्या. कंप्युटरवर चित्र काढायला त्यांनी साफ नकार दिला. कागद, निब, ब्रश, काळी शाई आणि पोस्टर कलर. भोक मात्र त्या आमच्यासमोर ब्लेडने कापायच्या. मी सांगून दमले की नलूताई, कापायची गरज नाही, स्क्रीनवर मी पारदर्शक करून घेईन. त्या 'बरं' म्हणायच्या आणि कापायच्या. कापलेला तुकडा टाकायच्या नाहीत. तो बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जायचा. न कापता त्यांना चित्र पुरं झाल्यासारखं वाटत नसावं.

रोहनचं आणि त्यांचं एकदाच जोरात वाजलं. रहस्यकथेच्या खिडकीत, दार उघडल्यावर, एक काका कलिंगड कापत बसलेले दिसायचे. रोहनचं म्हणणं होतं की एकदा तरी दार उघडल्यावर खरंच प्रेत दिसलं पाहिजे.

"लोकांना पॅटर्न कळतो ओ नलूताई. बाहेर डेंजर, आत कॉमेडी. मग कोण घाबरणार? एकदा झटका द्यायला हवा ना यार."

"आत कधीही बाहेरच्यापेक्षा वाईट ठेवायचं नाही," नलूताई म्हणाल्या.

"पण का? रहस्यकथेत खून लागतोच."

"असू दे की खून. ज्या खोलीला खिडकी नाही त्या खोलीत कर. माणूस आपणहून दार उघडतो, रोहन. आपल्यावर भरवसा ठेवून उघडतो. त्याच्या तोंडावर प्रेत फेकायचं असेल तर मी काढणार नाही, तू दुसरा चित्रकार बघ."

त्या उठून उभ्याच राहिल्या. रोहन दोन दिवस फुरंगटला, पण शेवटी त्याने खून मागच्या जिन्यात केला, आणि खरं सांगायचं तर गोष्ट त्यानेच चांगली झाली. तो जिना कोणालाच कधी दिसला नाही, पण वाचक त्याच्याबद्दल सारखे विचारत राहिले.

पहिला नमुना तयार झाला तेव्हा टॅब घेऊन मी त्यांच्याबरोबर फणसवाडीला गेले. खिडकीपाशी आरामखुर्चीत, चौकड्याचा सदरा घातलेला बाळ बसला होता. त्याला बघून मी चमकलेच. तेच लांब नाक, तेच मोठे कान, तीच पुढे आलेली हनुवटी. नलूताईच सदरा घालून बसल्यासारख्या वाटत होत्या. "लहानपणी आम्हाला लोक जुळे समजायचे," त्या म्हणाल्या. "मी मोठी, तरी. मला त्याचा फार राग यायचा."

टॅब त्याच्या मांडीवर ठेवला. नलूताईंनी नखाने काचेवर दोनदा वाजवलं आणि त्या बाजूला झाल्या. बाळने डावं बोट उचललं आणि भुताच्या खिडकीवर टेकवलं. दार नाहीसं झालं. आत शिकेकाईने न्हाऊन केस वाळवत बसलेल्या मावशी. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. काही नाही. पण बोट त्याने काढलं नाही. ते खिडकीच्या डावीकडे सरकवून तो काचेवर तिथेच फिरवत राहिला. मला वाटलं त्याला कळलेलं नाही. मी टॅब घ्यायला पुढे झाले तर नलूताईंनी माझा हात धरला.

"थांब. तो दार शोधतोय."

"दार उघडलं ना पण."

"उघडलं की ते जातं कुठे? पुस्तकाचं पान उलटल्यावर नाहीसं होतं का? ते डावीकडे पडतं. त्याला पाठ असते."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून आलं नव्हतं. पान उलटलं की त्यातलं भोकही डावीकडे जातं आणि तिथल्या पानावर पडतं. तिथे जे छापलेलं असेल त्याचा तुकडा आता भोकातून दिसतो. नलूताई कापलेल्या पानाच्या पाठीवर एखादं बिनडोक्याचं धड काढायच्या, आणि डावीकडच्या पानावरच्या तेलाच्या नाहीतर मंजनाच्या जाहिरातीतलं डोकं बरोबर त्याच्या मानेवर येऊन बसायचं. डावीकडे कुठली जाहिरात लागणार आहे, कुठे लागणार आहे, हे बघायला बाळ कचेरी सुटल्यावर लालबागच्या छापखान्यात जायचा आणि मापं घेऊन यायचा. संपादकांना हे ठाऊक नव्हतं. वाचकांपैकी फारसं कोणाच्या लक्षातही आलं नसेल. तो विनोद त्या दोघांचा होता.

"समोरच्या चित्राला तो मुळीच हसायचा नाही गं," नलूताई म्हणाल्या. "त्यात काय आहे, ते मी केलेलं. तो हसायचा पाठीला. आणि मी मूर्खासारखी पाठच काढली नाही. म्हटलं, कंप्युटरला कुठली आलीय पाठ."

त्यांनी भाताबरोबर परभी सांबार, त्यांच्या घरचं ते मसालेदार कालवण, वाढलं, मी जेवले, पण त्या जेवणावर आमचं दोघींचंही लक्ष नव्हतं.

मी सगळा प्रोग्रॅम नव्याने लिहिला. आता दार उघडलं की ते पुस्तकाच्या पानासारखं डावीकडे पडायचं, शेजारच्या खिडकीवर. त्याच्या पाठीवर नलूताईंनी काढलेलं धड, आणि भोकातून शेजारच्या खिडकीतलं डोकं. रहस्यकथेतल्या गुप्तहेराच्या कोटावर भुताचे केस. भुताच्या पांढऱ्या साडीवर राजाच्या मिशा. त्यातून शेजारची खिडकी आधीच उघडलेली असेल तर आणखी वेगळंच काही. आधी प्रेम उघडा नि मग खून, किंवा आधी खून नि मग प्रेम, गोष्ट बदलायची. एकमेकींना न ओळखणाऱ्या चार जातींच्या गोष्टी त्या भोकांमधून एकमेकींच्या घरात शिरल्या. रोहनला नवीन संवाद लिहावे लागले, आणि त्याने ते खरोखर फार मन लावून लिहिले. डावीकडची खिडकी तेवढी बंदच राहिली, कारण तिच्या डावीकडे शेजारी नव्हता. चित्रच तिथे संपत होतं. "तिची पाठ कशावर पडणार?" नलूताई म्हणायच्या. "ती शेवटी बघू."

दुसऱ्यांदा फणसवाडीला गेले तेव्हा नलूताई मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. "मी समोर असले की तो मला बरं वाटावं म्हणून हसेल," त्या म्हणाल्या. बेसन घालून भाजतात त्या भानोल्याचा खमंग वास येत होता. बाळने आधी राजाची खिडकी उघडली. आत राजेसाहेब मुकुटासकट गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसलेले, डोळे मिटलेले. मग त्याने भुताची खिडकी उघडली. दार डावीकडे पडलं आणि भुताच्या धडावर ते मुकुटधारी, सुखावलेलं तोंड येऊन बसलं.

बाळ बघत राहिला. मग नाकातून एक बारीकसा आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. त्याच्या ओठांची एकच बाजू वर गेली, खांदे हलायला लागले आणि डोळ्यांतून पाणी आलं. मी कोणाला इतकं मनापासून हसताना पाहिलेलं नाही, आणि ते अर्ध्याच चेहऱ्याचं हसणं होतं.

नलूताई हातात ताटली घेऊन दारात उभ्या होत्या. "कुठली?" त्यांनी विचारलं. बाळने बोटाने भुताची खिडकी दाखवली. त्यांनी लांबूनच मान हलवली, "पास," म्हणाल्या आणि परत आत गेल्या. ताटली तशीच त्यांच्या हातात होती. मी गेले नाही आत.

कॉमिक नेटवर गेलं. लोकांना आवडलं. परदेशातल्या मराठी माणसांचे निरोप यायचे, शाळेतली मुलं वर्गात बघायची. रोहन ते सगळं नलूताईंना वाचून दाखवायचा, त्या विणकाम करता करता ऐकावं तसं अर्धवट ऐकायच्या. दर महिन्याच्या नव्या खिडक्या आधी फणसवाडीला जायच्या. काही पास झाल्या, बऱ्याच नापास. नापास झालेल्या त्या, आम्ही कितीही विनवण्या केल्या तरी, द्यायच्या नाहीत.

मग बाळ गेला. दुपारी झोपला तो उठला नाही. आम्ही भेटायला गेलो तेव्हा आरामखुर्ची रिकामी होती आणि टॅब तिच्यावर उपडा ठेवलेला होता. नलूताई आमच्याशी नीट बोलल्या. चहा केला. कॉमिकचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. खाली उतरल्यावर रोहन म्हणाला, "संपलं गं. आता पास कोण करणार?" माझ्याही मनात तेच होतं, आणि त्या वेळी ते मनात आल्याची मला लाज वाटली.

बऱ्याच दिवसांनी दारावर दोनदा टकटक झालं. नलूताई एकच पुठ्ठा घेऊन आल्या होत्या. डावीकडची खिडकी.

दाराच्या पुढच्या बाजूला एक खाट, तिच्यावर डोक्यापर्यंत ओढलेली पांढरी चादर. भोकातून दिसत होते चादरीबाहेर आलेले दोन तळवे. मी आणि रोहन एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. मग त्यांनी आतलं चित्र काढून वर ठेवलं. लपंडाव चाललेला. एक लहान मुलगा चादरीखाली लपलाय, पाय बाहेर राहिलेत त्याला पत्ता नाही. आणि त्याची बहीण डोळ्यांवर हात धरून, बोटांच्या फटीतून त्या पायांकडे बघत उभी आहे. आतलं बाहेरच्यापेक्षा वाईट नव्हतं. नियम त्यांनी पाळला होता. पण मला ते चित्र बघवेना.

पाठीवर आरामखुर्ची, चौकड्याचा सदरा, मांडीवर टॅब, उचललेलं डावं बोट. आणि चेहऱ्याच्या जागी भोक.

"नलूताई, हे दार चित्राच्या बाहेर पडणार," मी म्हटलं. "भोकात काय दाखवू? एखादा चेहरा काढून देता?"

"नको. काळं ठेव."

"नुसतं काळं? रिकामं दिसेल हो."

"दिसू दे. तू ठेव तर."

मी ते बसवून होईपर्यंत त्या हात मांडीवर घेऊन बसून होत्या. तयार झाल्यावर टॅब त्यांच्या हातात दिला. त्यांनी नखाने काचेवर दोनदा टकटक केलं. थोडं थांबल्या. मग उजवा हात मागे घेऊन डाव्या हाताच्या बोटाने खिडकी उघडली. लपंडाव दिसला. दार डावीकडे पडलं. कोणी हसलं नाही. रोहन पाणी आणतो म्हणून उठून गेला.

नलूताई आणखी खाली वाकल्या. मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते, म्हणून मला दिसलं. काचेच्या त्या काळ्या चौकोनात त्यांचा चेहरा उमटला होता. लांब नाक, मोठे कान, पुढे आलेली हनुवटी, चौकड्याच्या सदऱ्यावर बरोबर मानेच्या जागी. टॅब थोडा सरकवून त्यांनी तो नीट बसवला.

आणि त्या हसल्या. नाकातून, बारीकसं, ओठांची एकच बाजू वर उचलून.

"पास," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पदराने काच पुसली, टॅब माझ्या हातात दिला आणि कठड्याला धरून सावकाश जिना उतरायला लागल्या. मी वरून बघत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही, आणि त्यानंतर त्या कधी आल्या नाहीत.